उदबत्तीचा वास पारखायचा कसा: आधी कच्चा माल, मग काडी

श्रावण जवळ आला की "खरी चंदनाची उदबत्ती कुठली गं?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. विचारण्याआधी बहुतेकांनी काय केलेलं असतं तेही ठरलेलं आहे. भुलेश्वरहून किंवा दादरहून सहा-सात पाकिटं आणलेली असतात, रविवारी सकाळी ती एकामागून एक पेटवलेली असतात, तिसऱ्या काडीनंतर सगळ्यांचा वास सारखाच यायला लागलेला असतो आणि शेवटी जिचं पाकीट देखणं ती चांगली ठरलेली असते.

चूक नाकाची नाही, क्रमाची आहे. सुटं चंदन, सुटा वाळा, सुटा लोबान ज्याने कधी लक्ष देऊन हुंगलेलं नाही, त्याला काडीच्या धुरातून ते वेगळे काढता येणार नाहीत. म्हणून आधी कच्चा माल, तोही धुराशिवाय. मग बिनवासाची कोरी बत्ती. पाकिटं सगळ्यांत शेवटी. रोज दुपारी थोडा वेळ दिला तर दोन आठवड्यांत हे सगळं होतं. एका रविवारात उरकायला जाऊ नका.

## 1. जागा, वेळ आणि स्वतःचं नाक

दहा बाय बाराची एक खोली पुरे. चाळीतली असो की फ्लॅटमधली, फक्त तिला दार हवं आणि ते बंद करता आलं पाहिजे. पडदे, गाद्या, धुवायचे कपडे जितके कमी तितकं बरं, कारण कापड वास धरून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी परत सोडतं.

मुंबईत वेळ दुपारची, तीन ते पाचची घ्या. सकाळी घरोघरी फोडण्या चाललेल्या असतात आणि संध्याकाळी शेजारी बोंबील तळायला घेतले की तुमची सगळी मेहनत वाया. लादी फिनाइलने पुसली असेल तर त्या दिवशी सुट्टी घ्या. फिनाइलमध्ये पाइनचा वास असतो आणि तो राळेच्या, कापराच्या वासात असा मिसळतो की तुम्हाला कळणारही नाही.

तुमच्या अंगावर अत्तर, डिओडरंट, वासाचं तेल किंवा केसात गजरा नको. कच्चा कांदा खाऊन बसू नका. सर्दी असेल तर पूर्ण बरी होऊ द्या, "थोडीशीच आहे" म्हणून रेटू नका.

तपासा: बाहेर गॅलरीत दोन मिनिटं उभं राहून खोलीत या. कसलाही वास जाणवला, अगदी घराचा नेहमीचा, तर पंखा लावून पंधरा मिनिटं दारं-खिडक्या उघड्या ठेवा. पुन्हा बाहेर जाऊन या.

सावध: घरात दम्याचा त्रास असलेलं कोणी, तान्हं बाळ किंवा पिंजऱ्यात पक्षी असेल तर धुराचे टप्पे त्या घरात करू नका. उदबत्तीचा धूर वासाला गोड असला तरी फुप्फुसाच्या दृष्टीने तो धूरच. तिसरा टप्पा बिनधुराचा आहे, पण तोही खिडकी उघडी ठेवून करा.

## 2. कच्चा माल आणणं: नावं नीट विचारा

काष्ठौषधींच्या, म्हणजे वाळवलेली मुळं, साली, डिंक विकणाऱ्या दुकानात जा. प्रत्येकी 25 ग्रॅमच्या पुड्या घ्या, पूड मागू नका. पूड किती जुनी आणि तिच्यात काय मिसळलंय हे डोळ्यांना कळत नाही. अख्खं मूळ, अख्खा खडा, लाकडाचा तुकडा घ्या आणि घरी आणून फोडा.

माझी यादी अशी: चंदनाचा छोटा तुकडा, वाळा, नागरमोथा, कापूरकाचरी, दगडफूल, आणि झाडांच्या चिकाचे खडे म्हणजे लोबान, गुग्गुळ, राळ. ज्यांच्या घरी दिवाळीचं उटणं घरी करतात त्यांना यातली अर्धी नावं पाठ असतील. दगडफूल तर स्वयंपाकघरातच सापडेल, गोड्या मसाल्याच्या डब्याशेजारी. जटामांसी घ्यायचीच असेल तर 10 ग्रॅमच्या वर नको. ती हिमालयातल्या उंचावरची वनस्पती आहे आणि बेसुमार खणून काढल्यामुळे तिथे ती संकटात आली आहे.

दुकानात नावांचे जे घोळ होतात ते इथेच सांगते, कारण निम्म्या चुका पेटवण्याआधी इथेच होतात.

ऊद. मराठी घरात "ऊद घाल" म्हटलं की धुपाटण्यातल्या निखाऱ्यावर टाकायचा राळेसारखा खडा. मोहम्मद अली रोडवर मिनारा मशिदीच्या आसपासच्या अत्तराच्या दुकानात ऊद म्हणजे अगर, म्हणजे आसामकडच्या आणि आग्नेय आशियातल्या एका झाडाचं बुरशी लागून काळं, तेलकट झालेलं लाकूड. एकाच शब्दामागे दोन अगदी वेगळे पदार्थ आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. त्यामुळे "ऊद द्या" एवढंच म्हणू नका. "धुपाचा ऊद, लोबान" असं म्हणा.

लोबान. आपल्याकडे या नावाने बहुधा सुमात्राकडचा, व्हॅनिलासारखा गोडसर वास असलेला खडा मिळतो. अरबी "लुबान" म्हणजे ओमान-सोमालियाकडचा, लिंबट वासाचा दुसराच डिंक. त्याचा जवळचा नातेवाईक आपल्या सातपुड्यात आहे, सालई. दुकानात तिघंही एकमेकांच्या नावाखाली सापडतात. खडा बोटात घासून हुंगा: गोड दुधाळ आला तर पहिला, लिंबाच्या सालीची आठवण झाली तर दुसरा किंवा सालई.

चंदन आणि रक्तचंदन. रक्तचंदन लाल असतं, सुजेवर लेप लावायला वापरतात आणि त्याला वास जवळजवळ नसतोच. ते पूर्ण वेगळं झाड आहे. उदबत्तीसाठी म्हणून रक्तचंदन घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. दुकानदाराची चूक नव्हती, मागणी तशीच केली होती.

नागचंपा. पाकिटावरचं हे नाव फुलाचं नाव समजू नका. आपला नागचाफा म्हणजे नागकेशराचं झाड. सोनचाफा वेगळा. देवळापुढचा पांढरा, पिवळ्या पोटाचा देवचाफा आणखी वेगळा. नागचंपा उदबत्ती ही चंदन, चाफ्याच्या जातीचा सुगंध आणि हलमड्डी नावाचा चीक अशा मिश्रणाची ओळख आहे. हा चीक हवेतला ओलावा ओढतो, म्हणून ती काडी हाताला मऊ, किंचित दमट लागते. मऊ लागली म्हणून ती खराब समजून परत करू नका.

तपासा: गुग्गुळाचा वाटाणाभर खडा पाण्यात चुरडा. चांगला गुग्गुळ पाणी दुधासारखं गढूळ करतो, कारण त्यात डिंक आणि राळ दोन्ही असतात. राळ किंवा गोड वासाचा लोबान पाण्यात तसाच बसून राहील. गुग्गुळाच्या नावाने आणलेला खडा पाण्यात ढिम्म राहिला किंवा तळाला वाळू साठली, तर ती पुडी बाजूला ठेवा.

सगळ्या पुड्या घरी आल्या की लगेच वेगवेगळ्या काचेच्या बरण्यांत टाका. एका प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर राहिल्या तर सकाळी सगळ्यांना नागरमोथ्याचा वास येईल. कापूर या बरण्यांच्या कपाटातसुद्धा नको, त्याला दुसरी खोली.

## 3. धुराशिवायचा वास: नाकाची ओळख

हा टप्पा लोक गाळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा.

साधन म्हणजे विजेवर चालणारी कापूरदाणी. ती घरोघरी असते, पण त्यात कायम कापूर जळालेला असतो. आधी खिडकी उघडून ती वीस मिनिटं रिकामी तापवा, गार झाल्यावर वाटी पुसा आणि वर ॲल्युमिनियमच्या फॉइलचा तुकडा दाबून बसवा. प्रत्येक पदार्थाला नवा तुकडा. राळ वितळली की वाटीला अशी चिकटते की पुढचे सहा महिने निघत नाही. कापूरदाणी नसेल तर स्वयंपाकातून बाद झालेला जाड तवा आणि गॅसची सगळ्यात मंद आच.

पदार्थाचा चिमूटभर भरडा फॉइलवर ठेवा. धूर दिसला तर आच जास्त झाली, लगेच बंद करा. धूर न होता वास सुटला पाहिजे.

दिवसाला तीनच पदार्थ, दोघांत वीस मिनिटांचं अंतर. अंतरात कॉफीचे दाणे हुंगत बसू नका. गॅलरीत जा, मोकळी हवा घ्या.

पहिला दिवस: वाळा, नागरमोथा, दगडफूल. तिन्ही मातीकडचे वास आहेत, म्हणून एकत्र घ्यायचे. वाळा आधी कोरडा हुंगा, मग त्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडून हुंगा. माठात घातलेल्या वाळ्याचा जो गार वास आपल्याला माहीत आहे तो ओल्या मुळाचा आहे. तापवल्यावर तोच वाळा लाकडासारखा, जरा धुरकट होतो. वाळ्याच्या उदबत्तीत माठाच्या पाण्याची अपेक्षा धरली की निराशा होते ती म्हणून. नागरमोथा मातकटच, पण त्याला एक तिखट, मसालेदार कड आहे. दगडफूल थंड असताना वाळलेल्या पाचोळ्यासारखं लागतं. उष्णता मिळाली की मग ते खुलतं, ओल्या जंगलाकडे जातं. गोडा मसाला भाजताना हे सगळ्या घरात होतं, पण इतर मसाल्यांच्या गर्दीत लक्ष जात नाही.

दुसरा दिवस: चंदन, एकटंच. घरात सहाण असेल तर तीच काढा. पाण्याचे दोन थेंब घालून तुकडा गोल उगाळा आणि बोटावर घेतलेलं गंध मनगटाला लावा. पहिल्या मिनिटाला काहीच विशेष जाणवणार नाही. पाच मिनिटांनी मनगट नाकाशी न्या. दुधाळ, तुपकट, शांत असा वास असेल, आणि तासाभराने पुन्हा पाहिलं तरी तो जवळपास तसाच असेल. चंदन हे असं सावकाश येतं आणि सावकाश जातं. मग त्याच तुकड्याचा किसभर भुगा कापूरदाणीवर तापवा.

तुकड्याला वासच येत नसेल तर त्याचा रंग बघा. सुगंध झाडाच्या गाभ्यात असतो, बाहेरच्या पांढुरक्या भागात नसतो. साल-बाजूचा पांढरा तुकडा खऱ्या चंदनाचा असूनही वास देणार नाही.

माझे सासरे रोज सहाणेवर गंध उगाळायचे. एकदा मी महागातली "शुद्ध चंदन" लिहिलेली उदबत्ती आणून लावली. ते आतल्या खोलीतून आले, स्वतःचं मनगट हुंगलं, मग काडीकडे बघून म्हणाले, "अगं, हा साबणाचा वास आहे." ते बरोबर होते. आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात चंदन म्हणून जो वास बसलाय तो साबण आणि पावडरचा आहे. त्यापुढे खरं चंदन फिकं वाटतं, आणि लोक खऱ्यालाच खोटं ठरवतात.

तिसरा दिवस: लोबान, गुग्गुळ. लोबान वितळतो, व्हॅनिलासारखा गोड होतो आणि दोन मिनिटांत घशाला बारीक झोंबतो. ते झोंबणं त्याच्यातल्या आम्लांचं आहे, भेसळीचं लक्षण नाही. गुग्गुळ फुगतो, बुडबुडे येतात, वास कडवट आणि औषधी. हा वास आवडायला वेळ लागतो. मला तीन-चार वर्षं लागली.

चौथा दिवस: कापूरकाचरी, राळ, आणि शेवटी कापूर. कापूरकाचरी म्हणजे कचोरा नव्हे. उटण्याच्या सामानात दोन्ही असतात म्हणून गल्लत होते. कापूरकाचरीला आल्याच्या कुळातला उबदार, किंचित कापरासारखा वास आहे. कापूर मात्र सगळ्यांच्या शेवटीच. तो नाकात थंडावा सोडतो आणि पुढचा अर्धा तास दुसरं काही बारकाईने कळत नाही.

सावध: राळेची पूड उघड्या आगीवर कधीही टाकू नका. भडका उडतो. आरोपांची राळ उडते म्हणतात ती हीच राळ.

### फुलांचं गणित वेगळं आहे

वाळलेल्या गुलाबपाकळ्या कापूरदाणीवर ठेवून बघा. आधी गवताचा आणि मग करपलेल्या पानाचा वास येईल, गुलाब कुठेच नसेल. मोगऱ्याचंही तेच. मुळं, लाकडं आणि डिंक आपला सुगंध कोरड्या अवस्थेत सांभाळतात, फुलं सांभाळत नाहीत. फुलाचा वास काडीत आणायचा तर त्याचं तेल किंवा अत्तर घालावं लागतं, नाहीतर कारखान्यात तयार केलेलं सुगंधी रसायन. मोगऱ्याचा अर्क इतका महाग असतो की पन्नास रुपयांच्या पाकिटात दुसराच पर्याय असतो हे गृहीत धरा.

हे समजलं म्हणून फुलांच्या उदबत्त्या टाकून द्यायच्या असं मी म्हणत नाही. त्या फक्त ताज्या फुलाशी ताडून बघा. सोनचाफा वसईहून येतो, दादरच्या फुलबाजारात सकाळी मिळतो. केवडा भाद्रपदात गणपतीसाठी बाजारात येतो, तेव्हा एक पात घरी आणा. फूल एका हातात, न पेटवलेली काडी दुसऱ्या. फुलात एक हिरवा, ओला, थोडासा सडकेपणाकडे झुकणारा भाग असतो. काडीत बहुधा नुसता गोडवा असतो. फरक तिथे आहे.

## 4. कोरी बत्ती जाळून बघा

घाऊक बाजारात बिनवासाची कच्ची बत्ती मिळते, बांबूच्या काडीवर कोळशाची किंवा लाकडाची पूड आणि जिगट लावलेली. जिगट म्हणजे चिकट सालीची पूड, तिनेच सगळं काडीला धरून राहतं. अशा चार-पाच काड्या आणा.

एक काडी खोलीच्या कोपऱ्यात लावा आणि बाहेर जा. पाच मिनिटांनी आत या. जो वास येईल, कोळशाचा, जळक्या बांबूचा, किंचित करपट, तो पुढच्या प्रत्येक उदबत्तीत असणार आहे. तो ओळखीचा झाला की तो मनातल्या मनात वजा करता येतो. हा टप्पा गाळणारे लोक पुढे सगळ्याच उदबत्त्यांना "धुरकट" म्हणतात.

बांबूची काडी आणि बिनबांबूची धूपकांडी यांची एकमेकांशी तुलना करू नका. बांबू मसाल्याबरोबर शेवटपर्यंत जळत असतो. काडीशी काडी, कांडीशी कांडी.

## 5. पाकीट वाचा आणि हिशेब करा

"चंदन सुगंध" म्हणजे चंदनासारखा वास, एवढंच. "चंदन पूड युक्त" यात पूड खरी असू शकते, पण तेल काढून झाल्यावर उरलेला भुसाही उदबत्तीत वापरला जातो. तेव्हा विधान खरं आणि वास दुसऱ्याच बाटलीतला.

हिशेब साधा आहे. चंदनतेलाचा भाव किलोला एक लाख रुपये धरा, खरा भाव त्याहून बराच वर असतो. म्हणजे ग्रॅमला शंभर रुपये. पाकिटात 30 ग्रॅम माल आणि त्यात तीन टक्के तेल मानलं तर 0.9 ग्रॅम, म्हणजे नुसत्या तेलाचे नव्वद रुपये. पाकिटाची किंमत पन्नास असेल तर उत्तर तुमच्यासमोर आहे. दुकानदाराशी वाद घालायची गरज नाही.

बत्ती दोन प्रकारची असते. एक, कोरी बत्ती सुगंधात बुडवून वाळवलेली. दुसरी, मसाल्याची, जिच्या लगद्यातच मुळं-लाकडं-डिंक कुटून घातलेले असतात. ओळखायला एक काडी रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. तेलकट डाग ठळक पडला तर बहुधा बुडवलेली. डागावरून सुगंध नैसर्गिक की कृत्रिम हे मात्र ठरत नाही, नैसर्गिक तेलाचाही डाग पडतोच.

नेहमीच्या चुकीच्या समजुती: राख पांढरी म्हणजे शुद्ध, हे खरं नाही. राखेचा रंग पुडीतल्या लाकडाचा, खनिजांचा आणि जळण्याचा हिशेब सांगतो, सुगंधाचा नाही. काळी बत्ती म्हणजे वाईट, हेही नाही. काळा रंग कोळशाचा असतो. राख शेवटपर्यंत न पडता वाकून राहणं हे काडी घट्ट वळल्याचं लक्षण आहे, बाकी काही नाही.

डास पळवणारी अगरबत्ती या तुलनेत घेऊच नका. तिच्यातला वास झाकणासाठी आहे आणि मुद्दाम जवळ बसून ती हुंगणं धोक्याचं आहे.

## 6. जोडीने पेटवणं

एका दिवशी दोनच काड्या, आणि त्या दोघी एकाच नावाच्या. दोन चंदनाच्या, दोन वाळ्याच्या. चंदनाची मोगऱ्याशी तुलना केली तर कळतं फक्त तुम्हाला काय आवडतं ते.

आठवड्याचा क्रम हलक्याकडून जडाकडे: फुलं, मग वाळा, मग चंदन, मग लोबान-गुग्गुळाच्या धुपाच्या. उलट केलंत तर गुग्गुळानंतरचा मोगरा पाण्यासारखा वाटेल.

प्रत्यक्ष कृती:

1. दोन्ही काड्या आधी न पेटवता हुंगा. नाक काडीपासून चार बोटं दूर. काय वाटलं ते लिहून टाका.
2. घरातल्या कोणाला तरी काड्यांना चिठ्ठी लावून 1 आणि 2 असे आकडे द्यायला सांगा. कुठली कुठल्या पाकिटातली हे तुम्हाला कळता कामा नये. हे एकट्याने जमत नाही, तेवढी मदत मागा.
3. काडी खोलीबाहेर पेटवा, लायटरने. काडेपेटीच्या गंधकाचा वास पहिली दोन मिनिटं खातो. ज्योत विझून नुसता निखारा राहिला आणि अर्धा सेंटिमीटर जळून गेलं की मग आत न्या.
4. पंखा बंद, खिडकी वीतभर उघडी. काडी वाळूच्या वाटीत, पडद्यापासून हातभर लांब, बसायच्या जागेपासून सहा फूट.
5. तुम्ही बाहेर थांबा. पाच मिनिटांनी आत या. दारात पहिला श्वास घेतला की थांबा आणि लिहा. हा पहिला श्वास सगळ्यात मोलाचा, कारण दोन-तीन मिनिटांत नाक त्या वासाला सरावतं.
6. बाहेर जा. पंधराव्या मिनिटाला परत या, पुन्हा लिहा. घसा, डोळे कसे आहेत तेही.
7. अर्धी काडी जळली की वाळूत दाबून विझवा. पाण्यात बुडवू नका, ओल्या कोळशाचा वास पसरतो.
8. सगळं उघडा, पंखा लावा, तासभर खोली सोडून द्या. मग दुसरी काडी.

काडीच्या डोक्यावर वाकून धूर नाकात ओढणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. तिथे फक्त धूर असतो. सुगंध पसरल्यावर, थंड झाल्यावर कळतो. देवघराशी बसलेल्यापेक्षा जिन्यातून वर येणाऱ्याला तो नेमका जाणवतो, हे चाळीत राहिलेल्यांना सांगायला नको.

तपासा: दुसऱ्या काडीच्या वेळी दारात उभं राहिल्यावर पहिलीचा वास अजून येतो का? येत असेल तर दुसरी उद्या.

## 7. काय लिहायचं

वहीत "छान", "भारी", "मस्त" हे शब्द लिहायचे नाहीत. महिन्याभराने वाचलं तर त्यातून काहीच हाती लागत नाही. मराठीत वासाला शब्द भरपूर आहेत, ते वापरा: मातकट, ओलसर, दुधाळ, तुपकट, खमंग, उग्र, कडवट, करपट, कुबट, झोंबरा, मंद. त्याहून चांगलं म्हणजे ओळखीची वस्तू. माझ्या वहीत एका वाळ्याच्या काडीपुढे "पेन्सिल तासल्यावर येतो तसा" आणि एका गुलाबापुढे "लग्नातलं गुलाबपाणी, दुसऱ्या दिवशीच्या शालूवर" असं लिहिलेलं आहे. दोन्ही वाचले की तो वास आजही नाकात येतो.

प्रत्येक नोंदीत तिसऱ्या टप्प्यातला कोणता सुटा पदार्थ ओळखू आला ते लिहा. काहीच ओळखू आलं नाही तर तसं लिहा, ओढूनताणून नाव देऊ नका. शंका असेल तर ती बरणी उघडून शेजारी ठेवा आणि दोन्ही आळीपाळीने हुंगा. बरण्या जपून ठेवायच्या त्या यासाठीच.

## 8. दुसऱ्या दिवशी सकाळी

प्रत्येक काडीच्या वेळी खोलीत धुतलेला सुती रुमाल वाळत टाका आणि नंतर घडी करून वेगळ्या डब्यात ठेवा. सकाळी, चहाच्या आधी, डबा उघडा.

चंदन, लोबान, जटामांसी असे जड वास खरे असतील तर रुमालावर मंद, गोलसर असे उरलेले असतात. पुष्कळ कृत्रिम गोड वास सकाळपर्यंत टोचरे किंवा आंबूस झालेले असतात, आणि काहींचा फक्त कोळसा उरतो. हा काही पक्का न्याय नाही. चांगला बनवलेला कृत्रिम सुगंधही टिकतो. पण घरात रोज कुठली लावायची हे ठरवताना मी पहिल्या श्वासापेक्षा या रुमालाचं जास्त ऐकते, कारण तो वास आपल्या उशी-पडद्यांत राहणार असतो.

## 9. पावसाळा आणि साठवण

जून ते सप्टेंबर मुंबईत तुलना करू नका. केलीच तर पावसाळ्यातल्या नोंदी वहीत वेगळ्या ठेवा. दमट काडी नीट जळत नाही, मध्येच विझते, धूर जास्त आणि सुगंध कमी देते. मग चांगल्या उदबत्तीवरही अन्याय होतो. दमट काडी उन्हात वाळवू नका, उन्हाबरोबर सुगंधही जातो. पंख्याखाली सावलीत, कागदावर, एक रात्र पुरते.

पाकीट फोडलं की काड्या काचेच्या किंवा स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, एका डब्यात एकच प्रकार. झाकणाच्या आतल्या बाजूला पाकीट फोडल्याची तारीख चिकटवा. फुलांच्या काड्या आधी उतरतात, त्या आधी संपवा. मसाल्याच्या काड्या बंद डब्यात वर्षभर सहज राहतात. वाळा आणि नागरमोथा पावसाळ्यात बरणीतही बुरशी धरू शकतात. मूळ वाकवल्यावर कटकन मोडायच्या ऐवजी लवायला लागलं तर ते पंख्याखाली वाळवा, आणि पांढरा तंतू दिसला तर टाकून द्या.

ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी झाली की उटण्याचं सामान आणायला जाल, तेव्हा जुन्या बरण्यांतला वाळा आणि कापूरकाचरी बदलून घ्या. चंदनाचा तुकडा बदलायची गरज नाही. सहाणेवर दोन वळसे दिले की आतला ताजा गाभा पुन्हा वर येतो.